खालच्या कप्प्यातले दोन डबे

सूप येत्या रविवारी संपवायचं, असं थोरलीनं फोनवर जाहीर केलं, तेव्हा बाइंडर एका जख्ख म्हाताऱ्या शब्दकोशाच्या पाठीला कापड चिकटवत होते. ब्रश तसाच हातात राहिला आणि खळीचा एक मोठा थेंब त्यांच्या मांडीवर पडला.

“कुठलं सूप?” त्यांनी विचारलं.

“बाबा, वेड पांघरू नका. आईचं. फ्रीजरमधलं. आठ महिने झाले त्याला. हे म्हणतात, फ्रीजरमध्ये ठेवली म्हणून वस्तू अमर होत नाही. अजून थांबलो तर ओतून द्यावं लागेल. चालेल तुम्हाला?”

चालणार नव्हतंच. तसं गेल्या आठ महिन्यांत बाइंडरांना काहीच चाललं नव्हतं. बायको गेली ती एका साध्या मंगळवारी, दुपारच्या चहाच्या आधी, कुणाला काही न सांगता. मागे राहिली कपाटभर पुस्तकं, पेटीभर कपडे आणि बटाट्याच्या सुपाचा एक डबा. पुस्तकं होती तिथेच राहिली. कपडे मुलींनी वाटून घेतले. सूप वाटून घेण्यासारखं नव्हतं, म्हणून ते बाइंडरांच्या वाट्याला आलं. रोज सकाळी दूध काढताना ते फ्रीजरचं दार उघडत, डबा जागेवर आहे हे बघत आणि दार लावून टाकत. ज्यासाठी उठावं असं दुसरं काही त्यांच्या दिवसात नव्हतं.

खरं सांगायचं तर ते सूप काही फार चांगलं नव्हतं. बटाटा, कांदा, दूध आणि थोडा मैदा. सगळं शिजवून, गाळून, पांढरंफटक. मीठ इतकं बेतानं की आहे की नाही यावर वाद व्हावा. बाइंडरांनी संसारभर तो वाद घातला. म्हणजे तोंडानं नाही. वाटी पुढ्यात आली की चव न घेताच ते मीठदाणी उचलत आणि तीनचार झटके देत. “अहो, आधी चव तरी बघा!” बायको म्हणे. ते बघत नसत. हे रोज व्हायचं. पण बायको गेली आणि त्याच सुपाला घरात अमृताची किंमत आली. जावई तर “आईंच्या हातची ती चव” असं म्हणून डोळे मिटायला लागले होते. सासूबाईंच्या हयातीत त्यांनी कधी दुसऱ्यांदा वाटी पुढे केलेली कुणाला आठवत नव्हती.

थोरली एका शाळेची मुख्याध्यापिका होती, त्यामुळे तिच्या प्रत्येक कल्पनेला आरंभ, मध्य आणि शेवट असे. आईच्या हातचे सगळे पदार्थ एका पुस्तकात उतरवायचे, ही कल्पना तिचीच. आईनं जन्मात काही लिहून ठेवलेलं नव्हतं, म्हणून ज्याला जे आठवलं ते त्यानं सांगितलं. थोरलीनं सुवाच्य अक्षरात त्याच्या तीन प्रती केल्या, बाइंडरांनी त्या शिवल्या, आणि धाकटीनं आईच्या चौकड्याच्या एप्रनचं कापड कापून त्यांना वेष्टणं शिवली. पुस्तकं तयार होती. अडलं होतं एका पानावर. सूप सगळ्यांनी प्यायलं होतं, पण ते होताना कुणी पाहिलं नव्हतं.

“म्हणून रविवारी सगळ्यांनी मिळून चव घ्यायची,” थोरली म्हणाली. “त्यात काय काय आहे ते ठरवायचं, लिहायचं आणि पान तिथल्या तिथे चिकटवायचं. तुम्ही फक्त शनिवारी डबा फ्रीजरमधून खाली काढून ठेवा. एवढं लक्षात राहील ना?”

“राहील,” बाइंडर म्हणाले.

“आणि धाकटीही येतेय.”

हे ऐकून मात्र त्यांनी ब्रश खाली ठेवला. सुपाइतकीच, किंबहुना सुपाहून जास्त, त्यांना धाकटीची काळजी होती. ती दूरच्या शहरात राहायची, कापडी पिशव्या आणि बाहुल्या शिवून विकायची. आई गेल्यापासून ती रडली नव्हती. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. फोनवर ती “जेवलात का” आणि “बरं मग” या दोन वाक्यांत बोलणं उरकत असे. थोरली रडून रडून मोकळी झाली होती, बाइंडर स्वतः रात्री उशीत तोंड खुपसून रडत होते, पण ही पोरगी दगडासारखी झाली होती. ती एकदा रडावी, एवढंच त्यांना हवं होतं. बापानं मुलगी रडावी म्हणून देवाला विनवायचं, अशी वेळ त्यांच्यावर आली होती.

आता डब्यांचं सांगायला हवं. या घरात आइस्क्रीमचा रिकामा डबा कधी फेकला गेला नाही. धुऊन पुसून तो कामाला लागे. सगळे डबे सारखे, पांढरे, पांढऱ्या झाकणाचे. त्यातल्या काहींत जेवण असे आणि काहींत बाइंडरांची पुस्तकं चिकटवायची खळ. खळ म्हणजे मैदा आणि पाणी, शिजवून, गाळून; फ्रीजमध्ये ठेवली की आठवडाभर टिकते. घोटाळा नको म्हणून बायको खळीच्या डब्याला लाल रबर लावायची. ती गेल्यावर रबर लावणं बंद झालं. बाइंडरांनी आपल्यापुरता सोपा नियम केला, वर फ्रीजरमध्ये सूप आणि खालच्या कप्प्यात खळ. एकट्या माणसाला तेवढं पुरे होतं.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी सुपाचा डबा फ्रीजरमधून काढला, दोन्ही हातांनी धरला आणि सांगितल्याप्रमाणे खालच्या कप्प्यात ठेवला. नियमानं वागणाऱ्या माणसाचं असंच होतं. नियम मोडला की पुढचं काही त्याच्या डोक्यात येत नाही.

रविवारी आभाळ सकाळपासून राखाडी होतं. थोरली आणि जावई आले. जावयांचं औषधाचं दुकान होतं, त्यामुळे खाण्यापिण्याच्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचं शास्त्रीय मत असे. पाठोपाठ बाइंडरांची धाकटी बहीण, म्हणजे मुलींची आत्या आली. तिला वहिनीबद्दल प्रेम होतं, आणि वहिनीला जे जे येत होतं ते आपणच शिकवलं, असा समजही होता. सगळ्यांत शेवटी धाकटी आली, ओल्या छत्रीसकट. “जेवलात का?” तिनं विचारलं. जेवायलाच तर सगळे जमले होते. पण तिला दुसरं काही सुचलं नसावं.

स्वयंपाकघरात थोरलीनं फ्रीज उघडला, पुढचा डबा काढला, झाकण उघडलं आणि हाक मारली. “अहो, हे बघा, पार थिजलंय.”

जावई गेले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, “स्टार्च आहे. इतक्या महिन्यांत बसणारच. गरम पाणी घाल आणि ढवळत राहा.”

“लवंगेचा वास येतोय.”

“लवंग?” बाहेरून आत्या ओरडली. “घालायचीच ती! मीच सांगितलं होतं वहिनीला.”

बाइंडर टेबलाच्या टोकाला, आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसले होते. शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि ती रिकामी आहे हे कुणी बघत नव्हतं. लवंग हा शब्द त्यांच्या कानावर पडला, पण मनात दुसरंच चालू होतं. आज संध्याकाळपासून फ्रीजर उघडून बघायला काही उरणार नाही, याचा ते विचार करत होते.

सगळ्यांच्या पुढ्यात वाट्या आल्या. पांढरं, गुळगुळीत, वाफाळतं. सोबत पाव होता. थोरलीनं पहिला घोट घेतला आणि तिचे डोळे भरून आले.

“मीठच नाही,” ती म्हणाली. “अगदी आई!”

“अगदी!” जावयांनी डोळे मिटले. “तीच चव.”

“माझी वहिनी गं!” म्हणत आत्यानं पदर तोंडाला लावला आणि दुसऱ्या हातानं दुसरा घोट घेतला.

बाइंडरांनी सवयीनं मीठदाणी उचलली. मग आजचा दिवस आठवला, ओशाळून ती खाली ठेवली आणि चमचा तोंडात घातला. जिभेवर लवंग आली. मग मैदा आला. मग काहीच आलं नाही. ही चव ते गेली कित्येक वर्षं ओळखत होते. ब्रशच्या टोकाची ही चव होती. दोन दिवसांपूर्वी याच सुपानं त्यांनी शब्दकोशाची पाठ चिकटवली होती.

एक बरं होतं, की कुणी मरणार नव्हतं. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून ते त्यात मोरचूद घालत, आणि ते विषच. पण धाकटी चार वर्षांची असताना त्यांच्या कामाच्या टेबलाखाली बसून डब्यात बोट बुडवायची आणि चाटायची. “पोरगी खळ खाते आणि तुम्ही त्यात विष कालवता?” असं म्हणून बायकोनं मोरचुदाची बरणी घराबाहेर काढली. तेव्हापासून लवंगेच्या तेलाचे थेंब. तरी पोरगी चाटायची ती चाटायचीच. बायकोचा पाय वाजला की बाइंडर तिचं तोंड आपल्या बाहीनं पुसत आणि म्हणत, “आईला सांगू नकोस हं.”

“थांबा,” बाइंडर म्हणाले. “हे सूप म्हणजे... माझं ऐका जरा...”

“बाबा, बोलू नका. फक्त चव घ्या,” थोरली म्हणाली.

“अगं, पण हे ते...”

तेवढ्यात टेबलाच्या पलीकडून एक आवाज आला. धाकटीनं चमचा खाली ठेवला होता. वाटीकडे बघत ती रडत होती. आधी खांदे हलले, मग हुंदका फुटला, आणि मग आठ महिन्यांचं सगळं एकदम बाहेर आलं. थोरलीनं उठून तिला जवळ घेतलं. आत्या दुसऱ्या बाजूनं आली. जावयांनी पाण्याचा पेला पुढे केला, तो स्वतःच पिऊन टाकला आणि दुसरा भरायला गेले.

बाइंडरांनी उघडं तोंड मिटलं. आता काय सांगणार? की बाळ, तू जिच्यासाठी रडतेस तिचं सूप आत फ्रीजमध्ये आहे, आणि हा पुस्तकाचा डिंक आहे? त्यांनी वाटी उचलली आणि खळ शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकली.

“चला,” नाक पुसत थोरली म्हणाली, “आता लिहू या. काय काय आहे यात?”

“मैदा,” जावई म्हणाले. “प्रश्नच नाही.”

“बटाटा?”

“लागत नाही जिभेला. गाळला असणार.”

“वहिनी फार बारीक गाळायची,” आत्या म्हणाली. “फडक्यातून. मीच सांगितलं होतं.”

“बाबा, तुम्ही इतकी वर्षं या घरात होता. तुम्हाला काहीच आठवत नाही?”

सगळे बाइंडरांकडे बघायला लागले. धाकटीसुद्धा, सुजलेल्या डोळ्यांनी. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि सूप कसं होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांना जे येत होतं ते त्यांनी सांगितलं.

“मैदा आधी गार पाण्यात कालवायचा,” ते हळूहळू म्हणाले. “गुठळी एकसुद्धा राहता कामा नये. मग मंद आच. एकाच दिशेनं ढवळायचं, हात थांबवायचा नाही. रंग जरा काचेसारखा झाला की उतरवायचं. गाळायचं. गार झाल्यावर लवंगेचं तेल, थोडंसंच. जास्त झालं तर कागदाला... म्हणजे, जिभेला डाग पडतो.”

जावयांनी चमचा खाली ठेवला.

“बाबा!” थोरलीनं त्यांचा हात धरला. “तुम्ही इतकं बघत होता आईकडे?”

“आम्हाला वाटायचं, तुमचं घरात लक्षच नसतं,” जावई म्हणाले.

बाइंडरांनी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. थोरलीनं तीन सुट्या कागदांवर ती कृती सुंदर अक्षरात उतरवली. वर लिहिलं, ‘आईचं सूप’. बटाटा, कांदा आणि दूध तिनं स्वतःच्या जबाबदारीवर घातलं.

“आता लगेच चिकटवू. आत्या, फ्रीजमध्ये बाबांची खळ असेल, ती आण ना.”

“उद्या!” बाइंडर ताडकन उठले. “उद्या चिकटवतो मी. जेवल्यावर लगेच चिकटवू नये.”

“का?”

तोवर आत्या खालच्या कप्प्यातला उरलेला डबा घेऊन आलीही होती. बाइंडरांच्या डोळ्यांसमोर झाकण उघडलं गेलं. आत बायकोचं शेवटचं सूप होतं, आणि आत्या त्यात ब्रश बुडवत होती. आत्यानं आयुष्यात कुठल्याच गोष्टीत हात आखडता घेतला नाही. पहिल्या पानाला तिनं इतकं सूप फासलं की ते कडेनं ओघळून टेबलावर आलं. तिनं ते फडक्यानं पुसलं. बाइंडर त्या फडक्याकडे बघत राहिले.

“दादा, पातळ झालीय रे तुझी खळ.”

“बाबा,” जावई नाक फुगवून म्हणाले, “खळीला कांद्याचा वास येतोय.”

“फ्रीज आहे,” बाइंडर म्हणाले. “फ्रीजमध्ये सगळ्यांना सगळ्यांचा वास लागतो. बाई गं, ब्रश माझ्याकडे दे. मी लावतो.”

“मी लावते,” धाकटी एकदम म्हणाली. तिनं आत्याच्या हातातून ब्रश काढून घेतला, टोक जेमतेम ओलं केलं आणि उरलेल्या दोन पानांच्या कडेवर केसाएवढी रेघ ओढली.

“एवढ्याशानं चिकटेल का?” थोरलीनं विचारलं.

“चिकटेल. थोडीच पुरते,” धाकटी म्हणाली आणि झाकण घट्ट लावून डबा आपल्या मांडीवर घेतला. बाइंडरांचा जीव भांड्यात पडला. पोरगी आपल्यावरच गेली आहे, खळीला जपते, असं त्यांना वाटलं.

संध्याकाळी थोरली आणि जावई आपली प्रत घेऊन गेले. आत्या आपली प्रत छातीशी धरून गेली आणि जाताना दारात म्हणाली, “दादा, मन हलकं झालं रे.” तिला मळमळतही होतं, पण ते तिनं दुःखाच्या खात्यात टाकलं. धाकटी रात्रीपुरती राहिली होती. ती बाहेरच्या खोलीत पडली असावी असं समजून बाइंडर पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेले. हे सूप त्यांना एकट्यालाच, चोरून प्यायचं होतं. त्यांना त्याची लाजही वाटत होती.

धाकटी गॅसपाशी उभी होती. पातेल्यात सूप गरम होत होतं.

“अगं, खळ कशाला तापवतेस?” बाइंडरांनी शक्य तितक्या साळसूदपणे विचारलं.

“बाबा,” पाठमोरीच ती म्हणाली, “खळ आपण दुपारी प्यायलो.”

बाइंडर स्टुलावर बसले. “तुला कधी कळलं?”

“पहिल्या घोटाला. मी ती खाऊनच मोठी झाले ना. तुमच्या टेबलाखाली.”

“मग तू रडलीस ती...?”

“तीच चव लागली म्हणून.” ती वळली. तिचे डोळे परत भरले होते. “तुम्ही बाहीनं माझं तोंड पुसायचात आणि आई दारात उभी राहून सगळं बघत असायची. तिला सगळं कळायचं, बाबा. ती मला नंतर विचारायची, आज किती खाल्लीस गं? मी म्हणायचे, थोडीच. ती म्हणायची, बाबांना सांगू नकोस मला कळलं म्हणून.”

बाहेर रस्त्यावरून कुणी सायकल ढकलत नेत होतं, तिची साखळी खडखडत होती.

“मग बोलली का नाहीस?” त्यांनी शेवटी विचारलं.

“तुम्ही अख्खी वाटी संपवलीत. मला वाटलं, तुम्हाला कळलंच नाही. आईचं सूप म्हणून इतक्या मनापासून पीत होता. कसं सांगणार?”

“आणि मी तुझ्याकडे बघून पीत होतो,” बाइंडर म्हणाले. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. आधी धाकटीला हसू फुटलं, मग त्यांनाही. आठ महिन्यांत त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा कुणी हसलं असेल. ते हसणंही पुरतं हसणं नव्हतं.

आत्याच्या औदार्यातून सूप वाचलं होतं ते जेमतेम एक वाटी. धाकटीनं ते सगळं एका वाटीत काढलं, टेबलावर बाइंडरांच्या पुढ्यात ठेवलं आणि दोन चमचे आणायला वळली. जाता जाता तिनं पळीला लागलेलं चाटलं आणि जागच्या जागी थांबली.

“बाबा,” ती म्हणाली, “मीठ बरोबर आहे. अगदी बरोबर! तिनं या वेळी तुमच्यासाठी...”

ती वळली. बाइंडरांच्या हातात मीठदाणी होती. हात अजून वाटीवर होता, आणि शेवटचा झटका नुकताच देऊन झाला होता. संसारभर जसे दिले तसेच, तीन की चार. त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.

दोघांनी वाटीत बघितलं. मिठाचे दाणे पांढऱ्या सुपावर क्षणभर दिसले आणि विरघळून गेले. बाइंडरांनी घाईनं चमचा घालून वरचं वर काढायला बघितलं, पण ते आता सगळीकडे झालं होतं. त्यांनी एक घोट घेतला. खारट. तोंड वाकडं व्हावं इतकं खारट.

मीठदाणी त्यांनी हळूच टेबलाच्या पार पलीकडे सरकवली.

“आधी चव बघा म्हणायची,” ते म्हणाले. “रोज म्हणायची गं. रोज.”

धाकटी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. त्या खुर्चीवर आठ महिन्यांत कुणी बसलं नव्हतं. तिनं आपला चमचा वाटीत बुडवला, घोट घेतला आणि न थुंकता गिळला. मग त्यांच्या ओठाला लागलेलं सूप आपल्या बाहीनं पुसलं.

“खा बाबा,” ती म्हणाली. “आईला नाही सांगणार.”